विट्याचा रस्ता

"आता जरा वाकून बघ, वासंती. बारा मोटा एकाच वेळी चालायच्या या विहिरीवर. आत महाल आहे, महाल."

अनंतदादा, माझे मोठे दीर, पायऱ्यांवर उभे राहून बोलत होते आणि त्यांचा आवाज खालच्या दगडी कमानींत घुमून परत वर येत होता. साताऱ्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, लिंब गावात ही विहीर आहे. बांधकाम सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण मी कडेवरच्या मुक्ताला सावरत मागे उभ्या असलेल्या फियाटकडे बघत होते. मला कराड गाठायचं होतं आणि तिथून विट्याला फोन लावायचा होता.

"दादा, निघू या का? ऊन वाढतंय," मी म्हटलं.

"थांब गं. पुण्याची माणसं महाबळेश्वरला जाऊन मक्याची कणसं खाऊन येतात, आणि हे सोनं वाटेत पडलेलं असतं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत."

दादांनी लग्न केलं नव्हतं. इतिहासाशी केलंय, असं श्रीरंग म्हणायचा. श्रीरंग म्हणजे माझा नवरा. आता मी त्याचं नाव असं सरळ घेते. तेव्हा आमच्याकडे ती पद्धत नव्हती, मी 'अहो' म्हणायची.

आम्ही निघालो होतो गुहागरला, यांच्या कुलदैवताला. सात वर्षं माझ्या घरात पाळणा हलला नाही, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, नवस बोलला होता. मूल होऊन वर्षाचं झालं की सुनेच्या हातून दुर्गादेवीची ओटी आणि मुलाच्या, म्हणजे श्रीरंगच्या, हातून व्याडेश्वराला अभिषेक. मुक्ता नुकतीच वर्षाची झाली होती. गुरुजींनी दिवस धरून दिला होता. माईंची स्वतःची पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, आणि ती नवस फेडायला उशीर झाला म्हणूनच गेली, असं त्या आयुष्यभर धरून बसल्या होत्या. त्यामुळे दिवस पुढे ढकलायचं नाव काढायची सोय नव्हती.

आणि इकडे विट्याला माझे अण्णा अंथरुणावर. महिन्याभरापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, त्यातून उठले ते अर्धेच उठले. मी जाऊन आले होते. तेव्हा मुक्तानं त्यांच्या मिशा दोन्ही हातांनी ओढल्या आणि ते इतके हसले की आईनं त्यांना दम भरला. निघताना म्हणाले, "जाऊन या देवाला. देवाचं मागे ठेवू नये. येताना मात्र हिला घेऊन ये, माझ्या मिशा अजून शिल्लक आहेत." पण आदल्या संध्याकाळी माझा भाऊ मधू याचा फोन आला, पुन्हा धाप लागतेय म्हणून.

"माई, कराडहून विटा तासाभराचाच रस्ता आहे," मी गाडीत पुन्हा एकदा म्हटलं. "वाटेत जाऊन नुसतं बघून आलो तर?"

"अगं, येताना जायचंच आहे ना? दोन दिवस राहा खुशाल, मी काही म्हणणार नाही. पण देवाचं करायला निघालो की मध्ये वाट वाकडी करू नये."

मी श्रीरंगकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर उसाची शेतं बघत होता. आईपुढे त्यानं कधी तोंड उघडलं नाही, आणि त्याचं मला तोवर फारसं वाईटही वाटत नसे. स्वभाव गरीब आहे, म्हणायची मी.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून बाजूला वळतात. दादा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून हातवारे करत सांगत होते, नद्या अशा गळ्यात गळा घालताना दुसरीकडे कुठे बघायला मिळायच्या नाहीत. तिथून जवळच कृष्णेचा पूल. त्याच पुलावरून विट्याचा रस्ता जातो. माहेरी जाताना एस.टी. त्या पुलावर आली की मी लहानपणापासून पाण्याला हात जोडते.

"मी फोन करून येते," मी म्हटलं. नेमका त्याच वेळी मुक्तानं लंगोट घाण केला आणि भोकाड पसरलं.

"तू तिचं आवर. मी लावून येतो," दादा म्हणाले. "नंबर आहे माझ्याकडे, तुमच्या शेजारच्या वैद्यांचाच ना?"

"मीही येतो. कॅमेऱ्याचा रोल घ्यायचाय," श्रीरंग म्हणाला.

दोघं गेले. मी मुक्ताला धुतलं, बदललं, दूध पाजलं, तरी त्यांचा पत्ता नाही. माई वैतागल्या. शेवटी दोघं येताना दिसले. दादा पुढे, श्रीरंग चार पावलं मागे, कॅमेऱ्यात मान घालून.

"लागला का?"

"लागला," दादा म्हणाले. "बरे आहेत. सकाळी पेज घेतली म्हणे."

माझा जीव भांड्यात पडला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या भेळवाल्याकडून सगळ्यांना भेळ घेतली. दादा माईंना "जरा इकडे ये, घाट दाखवतो" म्हणून बाजूला घेऊन गेले. माईंचे गुडघे धड नव्हते, त्या कसला घाट बघणार. पण गेल्या. परत आल्या त्या भेळ नको म्हणाल्या, आणि गाडीत बसताना मला पुढे करून म्हणाल्या, "तू खिडकीशी बस. वारा लागेल." इतक्या वर्षांत खिडकी त्यांनी कधी सोडली नव्हती.

गाडी पाटणच्या रस्त्याला लागली. कोयनेच्या काठाकाठानं जाणारा तो रस्ता मोठा देखणा आहे, दोन्ही बाजूंना डोंगर जवळ जवळ येत जातात. उन्हाळा असूनही नदीच्या कडेला हिरवं होतं. मी मुक्ताला म्हशी दाखवत होते, बडबडत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की गाडीत मी एकटीच बोलतेय.

"दादा, त्या डोंगरावर काय आहे हो? किल्ला आहे का?" मी मुद्दाम विचारलं. एरवी एवढं विचारलं की अर्ध्या तासाची निश्चिंती.

"असेल," दादा म्हणाले.

"असेल? तुम्हाला माहीत नाही? अहो, ऐकलंत का, दादांना किल्ला माहीत नाही."

श्रीरंग हसला नाही. दादांनी गाडी जरा जोरात घेतली. मला वाटलं, ऊन लागलं असेल दोघांना.

कोयनानगरला धरणाच्या समोर बाग आहे. तिथून भिंतीचा तो अजस्र पसारा दिसतो. मी मुक्ताला हिरवळीवर सोडलं, तर ती गवत उपटून तोंडात घालायला लागली आणि मी तिच्यामागे धावताना पदर खोचून अगदी पोरीसारखी हसत सुटले. श्रीरंगनं आमचा फोटो काढला. पहिल्यांदा कॅमेऱ्याचं झाकण काढायलाच विसरला, म्हणून दोनदा काढला.

"तुम्हाला बरं नाहीये का?" मी जवळ जाऊन विचारलं.

"काही नाही. डोकं धरलंय."

"मग चहा घ्या ना. आणि हे बघा, अण्णांचं आता काळजीचं नाही, म्हणजे तुम्हीही सुटलात. कालपासून माझं तोंड बघून बघून कंटाळला असाल."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मुक्ताला उचललं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

कुंभार्ली घाटात गाडीचं पाणी उकळलं. दादांनी बॉनेट उघडून ठेवलं. खाली कोकण पसरलेलं, धुरकट निळं, आणि दूरवर वाशिष्ठीची रेघ. कड्याच्या कठड्यावर माकडं बसली होती. श्रीरंग डबा घेऊन खाली झऱ्याकडे गेला आणि परत आला तेव्हा उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला रुमाल गुंडाळलेला.

"काय झालं?"

"दगडावर घसरलो. कापलंय जरा."

"बघू." मी हात पुढे केला, तर त्यानं आपला मागे घेतला. "किरकोळ आहे. रक्त थांबलंय."

"रक्त आलं?" माई गाडीतूनच म्हणाल्या. "अरे देवा. मग उद्या अभिषेकाला कसा बसणार तू? वाहत्या जखमेच्या हातानं पिंडीला शिवता यायचं नाही."

"दादा बसेल," श्रीरंग म्हणाला.

"नवस तुझ्या हातचा आहे."

"दादाही तुझाच मुलगा आहे ना, माई," तो म्हणाला, आणि आवाज असा चिरकला की माईंनी मान आत घेतली. मला माईंचा राग आला. लेकराला लागलंय किती ते आधी विचारावं, तर यांना पिंडीची चिंता. मी माझ्या पर्समधली हळदीची पुडी काढून दिली. त्यानं ती घेऊन खिशात टाकली.

चिपळूण मागे टाकून गुहागरला पोचलो तोवर उन्हं उतरली होती. गुरुजींच्या सुपारीच्या वाडीत उतरण्याची सोय होती, मागच्या दाराशी समुद्र. मी पुन्हा फोनचं विचारलं. गुरुजींनी सांगितलं, गावातली लाइन दोन दिवस पडलीय. माई म्हणाल्या, "कळलंय ना सकाळी, मग आता कशाला जिवाला घोर? मुक्ताला समुद्र दाखव जा." मी दाखवला. लाट पायाला लागली की मुक्ता दचकून माझ्या गळ्याला मिठी मारायची, आणि मी तिला सांगत होते, परवा आजोबांना सांग हं, समुद्र कसा करतो ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गादेवीची ओटी भरली. हिरवी नऊवारी, खण, नारळ, तांदूळ. सगळं मी माझ्या हातानं केलं, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला डोकं टेकून केलं. देवीपाशी मागायचं काय, तर अण्णांना उदंड आयुष्य. मग व्याडेश्वराला दादा सोवळं नेसून अभिषेकाला बसले. श्रीरंग आत आलाच नाही. बाहेर दीपमाळेपाशी मुक्ताला घेऊन उभा राहिला. त्यानं घंटा वाजवली नाही, तीर्थ घेतलं नाही. गुरुजी पळी घेऊन बाहेर आले तर म्हणाला, "बोटाला लागलंय." तीर्थ काही जखमेत घ्यायचं नसतं, असं माझ्या मनात आलं आणि गेलं.

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. मला माईंनी आग्रह करकरून वाढलं. "अजून अर्धी घे. तुपाची धार धर." मी पोटभर जेवले. हात धुवायला मागच्या पडवीत गेले तर चुलीवर मोठा हंडा तापत ठेवलेला. भर दुपारी अंघोळीचं पाणी कुणाला, असा विचार करत मी आत आले, तर माईंनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"वासंती, मन घट्ट कर. अण्णा गेले."

मी म्हटलं, "लाइन तर पडलीय. निरोप कुणी आणला?"

दादा जमिनीकडे बघत होते.

"काल सकाळीच गेले," माई म्हणाल्या. "आपण पुण्याहून निघालो त्याच सुमाराला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"कराडला," दादा म्हणाले.

मला आधी काही समजलंच नाही. मी मनातल्या मनात तो रस्ता पुन्हा चालून आले. कराड, भेळ, खिडकी, हिरवळ, फोटो, समुद्र. एकेका ठिकाणी मी हसत होते.

"पेज घेतली म्हणालात तुम्ही."

"तसं म्हणायला मी त्याला सांगितलं नव्हतं," माई म्हणाल्या, "पण बोलला ते बरंच केलं. ऐक, राग धरू नकोस. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवस, जावयालाही तीन दिवस. तुमच्या कानावर घातलं असतं की लागलं सुतक, मग कुठली ओटी आणि कुठला अभिषेक? कानावर पडेपर्यंत सुतक नसतं. म्हणून अनंतानं फक्त मला सांगितलं, सुतक त्याला नाही नि मला नाही. श्रीरंगलाही कळू दिलं नाही. माझी एक पोर गेलीय अशी. तुझी मला जाऊ द्यायची नव्हती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. "म्हटलं, देवाचं होऊ दे, पोरीच्या पोटात दोन घास जाऊ देत, मग सांगू. आता ऊठ, पाणी तापलंय. डोक्यावरून घे."

मी श्रीरंगकडे वळले. तो भिंतीला टेकून उभा होता. खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला.

"तुम्हालाही नाही सांगितलं?" मी विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "मला काय माहीत."

खरं सांगायचं तर तेवढ्या एका वाक्यावर मी उभी राहिले. या घरात आपल्या बाजूचं एक माणूस आहे आणि त्यालाही आपल्यासारखंच फसवलंय, या आधारावर मी डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं बदललं, गाडीत बसले. त्यानंही अंघोळ केली. बाहेर आला तेव्हा बोटाला तो रुमाल पुन्हा बांधलेला, ओलाचिंब. घाट चढताना मी त्याचा तो हात माझ्या मांडीवर घेऊन बसले होते. दुखेल म्हणून बोटाला धक्का लागू देत नव्हते.

परत तोच रस्ता, तेच धरण, तीच नदी. कुणी कुठे थांबलं नाही. कराड आलं, कृष्णेचा पूल आला. मी हात जोडले नाहीत.

विट्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात शेजारपाजारची माणसं बसली होती. दारात पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला होता, पाय धुवून आत यायला. आई आत भिंतीला टेकून बसलेली दिसली. मधू पुढे आला. त्यानं मला धरलं, आणि जे बोलला ते रागानं बोलला नाही, त्यानंच मला जास्त लागलं.

"ताई, संध्याकाळपर्यंत ठेवलं होतं अण्णांना. तुझे दीर फोनवर म्हणाले, कराडलाच आहोत. म्हटलं, मग काय, तासाभरात येतेच ताई. लोक म्हणत होते, उन्हाळ्याचे दिवस आहेत, उरकून घ्या. दोनदा बर्फ आणला. प्रत्येक गाडीचा आवाज आला की आई म्हणायची, वासंती आली." तो थांबला. "तुला पंक्चर-बिंक्चर झालं असेल असं वाटलं आम्हाला."

माईंनी पदर तोंडाला लावला. दादा गाडीपाशीच उभे राहिले, ते अंगणात आलेच नाहीत.

मी पाय धुतले आणि तांब्या हातात घेतला. नवऱ्याच्या हातावर पाणी घालायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं की माझा बाप गेलेला असतानाही हात आपोआप तांब्याकडे गेला. श्रीरंग पुढे झाला. मधूचं बोलणं ऐकून त्याचं सगळं भान सुटलं होतं, डोळे घळाघळा वाहत होते. त्यानं तो रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

अंगणातल्या दिव्याखाली मी त्या हातांवर पाणी घालत राहिले. बोटाला ओरखडा नव्हता. दुसऱ्या बोटालाही नव्हता. मी हात उलटा करून बघितला.

"कोणतं बोट होतं?" मी विचारलं.

त्यानं हात मागे घेतले, कालच्यासारखेच. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय.

सुतकी हातानं पिंडीला शिवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. देव विटाळायला नको म्हणून त्यानं धडधाकट बोटाला रुमाल बांधला, तीर्थाला नाही म्हटलं, घंटेला हात लावला नाही. आईला फसवलं, गुरुजींना फसवलं. देवाला तेवढं फसवलं नाही. आणि मला हिरवळीवर पळवून माझे फोटो काढले. कराडला फोनच्या बूथमध्ये दादांच्या मागे उभं राहून त्यानं सगळं ऐकलं असणार. बाहेर येऊन मला एक शब्द सांगितला असता, तर पूल समोर होता. मी मुक्ताला घेऊन चालत सुटले असते.

"श्रीरंग," मी म्हटलं, "पाय पुढे कर."

सगळ्या अंगणानं ऐकलं. माईंनी चमकून वर बघितलं. माझ्या आईनंही आतून बघितलं, कारण जावयाला असं नावानं, एकेरीत बोलवलेलं त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं पाय पुढे केले. मी पाणी घातलं आणि तांब्या पालथा घालून आईकडे आत गेले.

माईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यावरचा माझा राग त्यांच्या आधीच गेला होता. त्या जे मानत होत्या ते तोंडावर बोलल्या. श्रीरंगबरोबर मी अजून राहते. त्या अंगणाबद्दल त्यानं कधी विचारलं नाही, मीही काढलं नाही. घरात नव्या लोकांची ये-जा असते, मुक्ताच्या मैत्रिणी, त्यांचे नवरे. त्यांना मोठं कौतुक वाटतं. म्हणतात, "काकू, तुमच्या पिढीत नवऱ्याला नावानं हाक मारणं म्हणजे किती मोकळं नातं असणार तुमचं."

श्रीरंग समोरच बसलेला असतो. मी म्हणते, हो, आणि त्यांना चहा घ्या म्हणते.